कॉम्प्युटरला लाख लावणारे हवालदार

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांना हे मुळीच पटलं नसतं. पूर्ण नाव, वय, धंदा आणि राहणार कुठले, एवढं लिहिल्याशिवाय माणसाबद्दल पुढचं वाक्य लिहायचं नसतं, अशी त्यांची शिस्त होती. पण मी त्यांचा अपराधी आहे, आणि अपराध्यानं आपल्या कहाणीत दुसऱ्याचं नाव वापरून घेऊ नये असं मला वाटतं. म्हणून ते इथे नुसते हवालदार.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. कॉम्प्युटर विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत नुकता चिकटलो होतो. पेठेतल्या एका पोलिस ठाण्याला सरकारनं कॉम्प्युटर मंजूर केला होता आणि तो शिकवायला कंपनीनं मला पाठवलं होतं. ठाण्यात कौतुक सगळ्यांना होतं, जबाबदारी मात्र कुणालाच नको होती. शेवटी ठाण्याचे मोठे साहेब म्हणाले, "मुद्देमालाच्या खोलीत ठेवा. तिला जाळी आहे, कुलूप आहे, आणि हवालदार आहेत."

मुद्देमालाची खोली म्हणजे गुन्ह्यांत जप्त केलेल्या वस्तूंची कोठी. चोरीच्या सायकली, तलवारी, हातभट्टीचे कॅन, प्रेशर कुकर, एक तंबोरासुद्धा होता. अकरा वर्षं त्या खोलीची किल्ली हवालदारांच्या कमरेला होती आणि अकरा वर्षांत तिथून टाचणी हललेली नव्हती.

मी दारात उभा राहिलो तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "वय अंदाजे बावीस-तेवीस. बांधा किडकिडीत. रंग निमगोरा. केस कुरळे, तेल न लावलेले. अंगात आकाशी सदरा." मग मोठ्यानं म्हणाले, "च्या घेणार का, मास्तर?"

मी शिकवायला आलो म्हणून मास्तर. ते शेवटपर्यंत मला मास्तरच म्हणाले. पुढे मी जे काही केलं त्यानंतरही.

पंचनाम्याच्या भाषेत विचार करणं ही त्यांची सवय नव्हती, तो त्यांचा पिंडच होता. मंडईत वांगी घेताना ते म्हणायचे, "जांभळ्या रंगाची, गोलसर, देठासह. एकास डाव्या बाजूस कीड." भाजीवाली म्हणायची, "घ्यायची तर घ्या, नाहीतर पकडून न्या." शेवटी ती त्यांना एक वांगं फुकट देऊन वाटेला लावायची आणि ते त्या फुकटच्या वांग्याची पावती मागायचे.

त्यांचं एक वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकायचो. "वर्णन लिवा. मत लिवू नका." नवीन शिपायानं लिहिलं की आरोपी घाबरलेला दिसत होता, तर ते ओढून खोडायचे. "घाबरणं कुठं डोळ्यांनी दिसतं व्हय? घाम आला व्हता का? मग घाम लिवा."

कॉम्प्युटर टेम्पोतून पाच खोक्यांत आला. हवालदारांनी टेम्पो रस्त्यातच थांबवला आणि पंच बोलावले. त्यांचे पंच ठरलेले होते: कोपऱ्यावरचे अमृततुल्यवाले आणि फूटपाथवरचा छत्री दुरुस्तीवाला. दोघांनी आपापले धंदे टाकून सरकारी कॉम्प्युटर पाहिला. पंचनाम्यात लिहिलं गेलं: "एक पांढरट रंगाची, दूरदर्शन संचासारखी दिसणारी पेटी, चित्र नसलेली. तिच्यासोबत एक सपाट फळी, वर अक्षरांच्या गुंड्या, ओळीने नसलेल्या."

"ओळीनं नाहीत म्हणजे?" मी विचारलं.

"अ, आ, इ कुठंय? कसंबी लावल्यात."



आता खरी गंमत पुढे होती. सरकारनं कॉम्प्युटर दिला होता, पण कॉम्प्युटरला लागणारं काहीही दिलं नव्हतं. टेबल नाही, स्टॅबिलायझर नाही, कागद नाही, प्रिंटरची रिबन एकच. दुसरी मागितली तर वरून उत्तर आलं की रिबन या बाबीसाठी तरतूद नाही. ठाण्याची एकमेव जीप सकाळी चार शिपाई ढकलून सुरू करायचे. ते चार शिपाई खिडकीतून कॉम्प्युटरकडे ज्या नजरेनं बघायचे ती मला विसरता येत नाही. त्यातला एक म्हणाला होता, "हा ढकलावा लागत नाही ना? मग बरंय."

मजा अशी की मुद्देमालाच्या खोलीत तीन स्टॅबिलायझर पडले होते. चोरीचे, जप्त केलेले, पूर्ण चांगल्या स्थितीतले. दोन टेबलंही होती, जुगाराच्या अड्ड्यावरून आणलेली. आणि आमचा कॉम्प्युटर जमिनीवर, प्लगमधून ठिणग्या उडवत.

"हवालदार, त्यातला एक लावू या ना," मी म्हणालो.

"मुद्देमाल हाय त्यो."

"अहो, पण नुसता पडलाय."

"न्यायालयासमोर पडलाय," ते म्हणाले. "आपल्याला दिसत न्हाई एवढंच."

खडकवासल्याच्या पलीकडे त्यांचं गाव. दुसऱ्या दिवशी ते बायकोच्या शिलाई मशिनचा लोखंडी पायटा फळीसकट घेऊन बसमधून आले. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं तेव्हा त्यांनी ते घेतलं, आणि मशिनचा पायटा सरकारी कामाला जातोय अशी त्याच्याकडून तिकिटाच्या मागे सही मागितली. त्यावर वाद झाला, बस स्वारगेटपर्यंत वादातच आली. पायट्यावर कॉम्प्युटर बसला. खाली पाय हलवला की पायडल चालायचं आणि चाक रिकामंच गरगर फिरायचं. टाईप करताना हवालदार नकळत पायडल मारायचे. दोन तास टाईप केलं की म्हणायचे, "आज लई शिवलं."

त्यांच्या बायकोनं जुन्या वर्दीच्या खाकी कापडाचं कॉम्प्युटरला आवरण शिवून दिलं, खिशासकट. खिशाला झाकण होतं. रिबन सुकली तेव्हा हवालदारांनी ती शिक्क्याच्या शाईत बुडवून वाळत घातली. त्यानंतर ठाण्याचे सगळे कागद जांभळे निघू लागले. न्यायालयातल्या कारकुनानं विचारलं तर म्हणाले, "तरतूद जांभळ्याची हाय."

कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की यंत्र थंड आणि धूळविरहित जागी ठेवावं. थंडाव्यासाठी त्यांनी जाळीला ओली पोती टांगली. धुळीसाठी दाराबाहेर पाटी लावली: "पादत्राणे बाहेर. हुद्दा कोणताही असो."

यंत्रासाठी त्यांनी वेगळी नोंदवही उघडली. ती मी पाहिली आहे. "१०.०५ वाजता चालू केला. १०.०९ वाजता शुद्धीवर आला. विचारपूस केली असता नीट उत्तरे दिली. ११.४० वाजता अचानक गप्प झाला. कारण विचारले, सांगत नाही."

आणि रोज संध्याकाळी सहा वाजता, मुद्देमालाच्या इतर वस्तूंप्रमाणेच, ते कॉम्प्युटरला सील करायचे. खाकी आवरण घालायचं, वरून सुतळी बांधायची, गाठ बरोबर माथ्यावर आणायची, गाठीखाली पत्र्याचा तुकडा ठेवायचा, मेणबत्तीवर लाख वितळवून गाठीवर सोडायची आणि कमरेच्या पितळी शिक्क्यानं दाबायची. सकाळी येऊन सील शाबूत असल्याची नोंद करायची, मग तोडायचं.

"हवालदार, जगात कुणी कॉम्प्युटरला लाख लावत नाही," मी म्हणालो.

"म्हणून जगातले बिघडत्यात," ते म्हणाले.

चार महिन्यांत त्यांनी एका बोटानं, पायडल मारत, खोलीतली प्रत्येक वस्तू कॉम्प्युटरमध्ये भरली. तंबोऱ्याच्या तारांची संख्याही होती, त्यातली एक तुटलेली हेही होतं. उपायुक्त साहेब हा कारभार बघायला येणार होते. शहरातल्या इतर ठाण्यांतले कॉम्प्युटर म्हणे खोक्यातच होते, आमचाच तेवढा चालू होता. हवालदारांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते. ते मला म्हणाले, "मास्तर, चौतीस वर्सं झाली. माझ्या सेवापुस्तकात लाल शाईचा शेरा न्हाई. आता एक निळ्या शाईचा मिळाला तर घरी दाखवीन म्हणतो." एवढीच त्यांची मागणी होती.

आता माझं पाप सांगतो.

उपायुक्त साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी हवालदार एका खटल्याचा मुद्देमाल घेऊन न्यायालयात गेले होते. जाताना त्यांनी भर दुपारीच कॉम्प्युटरला सील केलं होतं. माझ्या खिशात मित्राकडून आणलेली एक फ्लॉपी होती, तीत मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता. मला तो खेळायचा होता. यापेक्षा मोठं कारण मला आजही सापडत नाही, आणि मी खूप शोधलं आहे. ते बाहेर गेले की खोलीची किल्ली तेवढ्यापुरती ठाणे अंमलदारांकडे असायची. "कॉम्प्युटरचं काम आहे" म्हटलं की त्या काळात कुणीही कुठलीही किल्ली द्यायचं.

मी सुतळी कापली, आवरण काढलं, तासभर मोटार चालवली, सहा वेळा दरीत पाडली. मग भानावर आलो. हवालदार परत यायच्या आत सगळं जसंच्या तसं करायला हवं होतं. नवी सुतळी मिळाली, पण गाठ माथ्यावर येईना, ती पुढच्या बाजूला, बरोबर चालू करायच्या बटणावर आली. पत्र्याचा तुकडा ठेवायचा हे मला सुचलंच नाही. मेणबत्ती पेटवली, लाख सोडली, ती भसकन जास्तच आली आणि कापडातून आत झिरपली. पितळी शिक्का हवालदारांच्या कमरेला होता. मी इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या आकाशी सदऱ्याचं तिसरं बटण त्या गरम लाखेत दाबलं. छातीला चटकाही बसला. तो मी शिक्षा समजून सोसला आणि हिशेब मिटला असं मानलं. इतका मी मूर्ख होतो.

न्यायालयात हवालदारांना संध्याकाळ झाली, आणि दुसऱ्या दिवशी खोली उघडायच्या वेळीच उपायुक्त साहेब आले. त्यांना बूट काढावे लागले. उजव्या पायमोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. खोलीत सगळे छताकडे बघत होते, हवालदार सोडून. त्यांचे ओठ हलत होते आणि ते मनात वर्णन लिहितायत हे मला कळत होतं. मला वाटतं साहेबांनाही कळलं.

हवालदार सील तोडायला वाकले आणि थांबले. त्यांनी त्या लाखेवरून बोट फिरवलं.

"काय झालं?" मोठे साहेब म्हणाले.

"सील माझं न्हाई, सायेब."

"अहो, उघडा आधी. उपायुक्त साहेब उभे आहेत." अनवाणी उभे आहेत असं कुणी म्हणालं नाही.

हवालदारांनी लाख फोडून कागदात गुंडाळली आणि वर्दीच्या खिशात ठेवली. कॉम्प्युटरचं बटण दाबलं जाईना. मी दाबलं, मोठ्या साहेबांनी दाबलं. शेवटी उपायुक्त साहेबांनी हातातल्या छडीचं टोक लावून जोर दिला. आतून टक्क झालं, मग बारीक धूर आला, आणि जळक्या लाखेचा, दिवाळीतल्या फुसक्या अनारासारखा वास खोलीभर पसरला.

"हे काय आहे?" उपायुक्त साहेब म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिथला जाणकार होतो.

"लाख आत गेलीय, साहेब," मी म्हणालो.

हे खरं होतं. एक अक्षरही खोटं नव्हतं. फक्त पुढचं वाक्य मी बोललो नाही.

"लाख कोण लावतं?" उपायुक्त साहेबांनी विचारलं.

"मी लावतो," हवालदार म्हणाले. "पण ही लाख माझी न्हाई." त्यांनी खिशातली पुडी उघडली. "यावर शिक्क्याचा ठसा न्हाई. गोल ठसा हाय, मधी चार भोकं. बटणाचा हाय. खात्याच्या वर्दीला पितळी बटण असतं, त्याला भोकं नसत्यात. म्हणजे साध्या कपड्यातल्या इसमाचं काम हाय."

मी तोच सदरा घालून आलो होतो. मी हातातली फाईल छातीशी धरली.

"हवालदार," उपायुक्त साहेब बूट चढवत म्हणाले, "या शहरात बटणं किती आहेत ठाऊक आहे का? या यंत्राच्या किमतीत चार मोटारसायकली आल्या असत्या. आणि तुम्ही त्याला लाख लावता? हे काय टपालाचं पार्सल आहे?"

पुढे मिळालेल्या ठपक्यातला अर्धा भाग त्या पायमोज्याचा होता, असं मला वाटतं. पण हे मत झालं.

चौकशी झाली. मला जबाबाला बोलावलं. मी तेच एक खरं वाक्य पुन्हा सांगितलं. कंपनी मला अमेरिकेला पाठवणार होती. शतक बदलताना तिकडच्या कॉम्प्युटरांना तारखा कळणार नव्हत्या, त्या कळवायला इकडून पोरं भरून चालली होती. सरकारी यंत्र जाळणाऱ्याला कोण पाठवेल? हवालदारांना लेखी ठपका मिळाला, लाल शाईत. मुद्देमालाची खोली काढून घेतली.

खोलीचा ताबा देण्याचं काम नऊ दिवस चाललं. एका तरुण हवालदाराला ते प्रत्येक वस्तू वर्णनासह सोपवत होते. सहाव्या दिवशी तो तरुण मोठ्या साहेबांकडे जाऊन म्हणाला, "साहेब, मला दंगलीच्या बंदोबस्ताला पाठवा."

हवालदारांना पासपोर्टच्या चौकशीचं काम दिलं. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांच्या घरी जायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, माणूस कसा आहे ते लिहून पाठवायचं. तीन महिन्यांनी मी पासपोर्टचा अर्ज केला. आमचं घर सदाशिव पेठेत, ठाणं तेच.

एका सकाळी दाराची कडी वाजली आणि मी उघडलं तर हवालदार. हातात माझा अर्ज.

"बसा," आई म्हणाली. "पाणी देते. चहा नंतर, आधी काम."

त्यांनी बँकेतून निवृत्त झालेल्या समोरच्या काकांना बोलावून घेतलं. "हा इसम कसा हाय?"

"कसा म्हणजे?" काका म्हणाले. "जिन्यातला दिवा बंद करत नाही."

हवालदारांनी ते लिहून घेतलं. "आणखी?"

"आणखी काय? तेवढं पुरेसं नाही?"

काका गेले. हवालदारांनी फॉर्मवर मान खाली घातली. माझ्या वर्तणुकीच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं होतं. मला घाम फुटला. मी ठरवून काही केलं नाही, तोंडातून निघून गेलं.

"हवालदार, ती लाख मी लावली होती."

आईच्या हातातला चमचा खाली पडला.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

"ठाऊक आहे? मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. बटण दाखवलं. पुढं कबुली लागती. ती माझ्याकडं कुठं व्हती?"

आई मधे पडली. "काय लाख? कसली लाख?" मी सगळं सांगितलं. खेळाचं, सुतळीचं, बटणाचं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सदऱ्याचं ते बटण तू करपवलंस आणि मी इस्त्रीवाल्याशी भांडले. आता यांचं काय ते बघ. मला तुझा चेहरा दाखवू नकोस तोवर." ती स्वयंपाकघरात गेली आणि हवालदारांना चहा आणून दिला. मला नाही.

हवालदारांनी पिशवीतून कोरे कागद काढले. त्यांच्याकडे कोरे कागद, कार्बन आणि शाईचं पॅड नेहमीच असायचं. त्यांनी माझा पुरवणी जबाब लिहायला घेतला. पुरवणी म्हणजे आधीच्या जबाबाला जोडायचा दुसरा. तासभर लागला. मोटार कितव्या वेळी दरीत पडली तेही विचारलं. शेवटी ठरलेलं वाक्य त्यांनी लिहिलं आणि वाचलं: "सदरचा जबाब मी कोणाच्याही धाकदपटशाविना, राजीखुशीने देत आहे. बरोबर हाय?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण कबुली द्यायला सुरुवात केली की मला कुठे थांबावं ते कळत नाही, हा माझा जुनाच आजार आहे.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर नाही. तुम्ही पासपोर्ट अडवाल म्हणून मी घाबरलो होतो. म्हणून बोललो."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. चौतीस वर्षांत हजारो लोकांनी त्या वाक्याखाली सह्या केल्या असतील, अंगठे उठवले असतील. कुणीही ते वाचून नाही म्हणालं नव्हतं. त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या दुर्मिळ वस्तूची नोंद करायला मिळाल्यावर दिसायचा तसा आनंद होता.

त्यांनी ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: "पासपोर्टच्या धाकाने, परंतु खरे." शेजारी माझी सही घेतली.

आठवड्यानं मी ठाण्यात गेलो तेव्हा त्यांनी पुढचं सांगितलं. त्यांची आणि मोठ्या साहेबांची वाक्यं त्यांनी एकाच सपाट आवाजात म्हणून दाखवली, जणू पंचनामाच वाचतायत.

"सायेब म्हणाले, हे काय लिवलंय? धाकानं? म्हणलं, व्हय, धाक व्हता. सायेब म्हणाले, हा जबाब वर पाठवला तर तुमच्यावर दुसरी चौकशी लागंल, पोलिस पासपोर्टची भीती घालून जबाब घेतात म्हणून. म्हणलं, भीती घातली न्हाई, त्याला आपोआप वाटली. सायेब म्हणाले, मग ते लिवायचं नसतं. म्हणलं, मग काय लिवायचं असतं? सायेब म्हणाले, तुम्ही जा."

म्हणजे माझ्या एका खऱ्या वाक्यानं त्यांना ठपका मिळाला होता, आणि दुसऱ्या खऱ्या वाक्यानं तो पक्का झाला होता.

"राजीखुशीनं असं खोडून परत लिहू या ना," मी म्हणालो.

"तवा राजीखुशी नव्हती."

"माझ्या पासपोर्टचं काय?"

"तुमच्यावर गुन्हा दाखल न्हाई. अडवू कशावर? हरकत न्हाई असं लिवून पाठवलं परवाच."

पासपोर्ट आला. हवालदारांच्या नोकरीचा एकच महिना राहिला होता. आता मला कुणाचा धाक नव्हता. ठाण्यात जाऊन तोच जबाब पुन्हा दिला असता तर तो राजीखुशीनं झाला असता. मला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी पासपोर्ट कपाटात कपड्यांच्या खाली ठेवला आणि आईला सांगितलं की अजून आला नाही. पोस्टमन तिच्याशी जिन्यात गप्पा मारतो हे माझ्या लक्षात आलं नाही. तिनं मला काही विचारलं नाही. रोज जेवायला वाढताना एवढंच म्हणायची, "टपाल फार हळू झालंय हल्ली."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण मला शेवटी सांगायचंय ते वेगळं आहे. शेवटी मी ठाण्यात जाऊन राजीखुशीचा जबाब दिला आणि तो वर गेला. कंपनीनं माझं नाव अमेरिकेच्या यादीतून काढलं आणि माझ्या जागी माझा मित्र गेला, तोच फ्लॉपीवाला. तो अजून तिकडेच आहे, हिवाळ्यात बर्फाचे फोटो पाठवतो. मी इकडेच राहिलो, दुसरी नोकरी धरली, ठीक चाललं आहे. ठपका रद्द झाल्याचा कागद हवालदारांना निवृत्तीच्या आदल्या दिवशी मिळाला आणि मोठ्या साहेबांनी त्यांना शेवटच्या एका दिवसासाठी खोलीची किल्ली परत दिली. तो अख्खा दिवस त्यांनी मोजदादीत घालवला. तंबोऱ्याची आणखी एक तार तुटलेली निघाली. फार खूश झाले, म्हणतात.

तर मी गेलो तो दिवस. हवालदार पासपोर्टच्या टेबलाशी एकटेच बसले होते. मला बघून त्यांनी न विचारता कोरा कागद काढला, कार्बन घातले. सगळं पहिल्यासारखंच सांगितलं, लिहिलं. शेवटच्या वाक्यापाशी ते थांबले.

"आता धाक कशाचा?"

"कशाचाच नाही."

"पासपोर्ट मिळाला?"

"मिळाला."

"कधी?"

नुकताच, असं म्हणता आलं असतं. त्यांनी तारीख तपासली नसती.

"अकरा दिवस झाले."

त्यांनी कार्बन सरळ केले. खाली वाकून सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं: "सदरचा जबाब मी अकरा दिवस उशिरा, परंतु कोणाच्याही धाकदपटशाविना, राजीखुशीने देत आहे."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि पेन पुढे केलं.

"ते उशिराचं कायद्याला लागत न्हाई," ते म्हणाले. "नको असंल तर खोडा. शेजारी बारीक सही करावी लागंल, तेवढंच."

मी पेन त्या शब्दावर नेलं. मग खाली आणलं आणि एकच सही केली.